एका मैफलीचा क्रम लावताना: स्ट्रिंग क्वार्टेटच्या चार महिन्यांच्या नोंदी

४ ऑगस्ट

आमचं स्ट्रिंग क्वार्टेट आहे. दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो. व्हायोला मी वाजवते. ६ डिसेंबरची मैफल ठरलीय आणि काय वाजवायचं, कुठल्या क्रमानं, हे या वेळी माझ्याकडे आलंय. आजवर आम्ही प्रत्येकाच्या आवडीचं एकेक घ्यायचो आणि काळानुसार लावायचो. जुनं आधी, नवं नंतर, सर्वांत मोठं शेवटी. यंदा तसं करायचं नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून लिहून ठेवतेय. पुढे कुणी हेच काम हाती घेतलं तर त्यांचे निदान काही दिवस वाचतील.

एक गोष्ट पक्की आहे: बीथोव्हेनचं क्वार्टेट, ओपस (म्हणजे रचना क्रमांक) १३२. चौघांनाही ते हवंय आणि दोन वर्षांपासून त्यावर तालमी सुरू आहेत. १८२५ सालची रचना, स्वरपट्टी ए मायनर, पाच भाग. आमच्या गतीनं ४५ मिनिटं. उरलेलं सगळं त्याच्याभोवती बसवायचं आहे.

पहिला आराखडा तासाभरात झाला. मेंडेल्सॉनचं ओपस १३ हेही ए मायनरमधलं. ते त्यानं १८२७ साली, १८व्या वर्षी लिहिलं. बीथोव्हेन त्याच वर्षी मार्चमध्ये गेला आणि त्याच्या शेवटच्या काळातल्या क्वार्टेट्सचा ठसा या रचनेवर स्पष्ट दिसतो. म्हणजे सूत्र तयार: एक म्हातारा, एक पोरगा, एकच स्वर. सुरुवातीला शूबर्टचं क्वार्टेटझात्स, १८२० सालचं, सी मायनर. शूबर्ट ९ मिनिटं, मेंडेल्सॉन ३०, मध्यंतर, बीथोव्हेन ४५. एकूण ८४.

उत्साहाच्या भरात त्याच रात्री कार्यक्रमपत्रिकेचं टिपणही लिहून टाकलं. जवळजवळ ९०० शब्द.

१८ ऑगस्ट

आज सगळं ओळीनं वाजवून पाहिलं. समोर सहा ओळखीचे श्रोते बसवले होते, त्यांतले दोघं वाजवणारे, चौघं नुसते ऐकणारे.

जमलं नाही, आणि का जमलं नाही हे वाजवतानाच कळत होतं. मेंडेल्सॉनचा शेवटचा भाग सुरू होतो तेव्हा बाकीच्यांच्या थरथरत्या सुरांवर पहिलं व्हायोलिन एकटंच बोलल्यासारखं काही म्हणत सुटतं. ओपस १३२ मध्येही चौथ्या भागाच्या शेवटी नेमकं हेच घडतं आणि तिथून पाचव्यात जाता येतं. आमच्या क्रमात नक्कल आधी आली आणि अस्सल नंतर. बीथोव्हेनच्या त्या जागेवर अंगावर काटा यायला हवा होता. श्रोत्यांपैकी एक जण नंतर म्हणाली, "हे मघाशी झालं ना?"

मग उलटं करून पाहिलं. ओपस १३२ आधी, मेंडेल्सॉन शेवटी. त्याचे हालच झाले. बीथोव्हेनचा शेवट ए मेजरमध्ये उजळत जातो. त्यानंतर परत ए मायनरमध्ये बसायची कुणाचीच तयारी नव्हती, आमची तर मुळीच नाही. एरवी थक्क करणारी ही रचना या जागी गृहपाठासारखी वाटायला लागली. हा मेंडेल्सॉनवर अन्याय होता आणि तो आमच्या क्रमानं केला होता.

सूत्र कागदावर वाचायला छान होतं. कानाला मात्र त्यातून एवढंच मिळालं, की तासभर एकच स्वरपट्टी.

वाया गेलेला वेळ: मेंडेल्सॉनच्या तीन तालमी.

२२ ऑगस्ट

इथे मी एक चुकीचं निदान केलं, तेही लिहून ठेवते. मला वाटलं, लांबी जास्त होतेय. शूबर्ट काढला, ७५ मिनिटं उरली. परत वाजवलं. तरीही लांबच वाटलं. पहिल्या व्हायोलिनवादकाचा खांदा उलट जास्त दुखला, कारण शूबर्टनंतरची टाळ्यांची विश्रांतीही गेली होती. आणखी एक तालीम गेली. मेंडेल्सॉन बाजूला ठेवला.

३ सप्टेंबर

नवा विचार: ओपस १३२ च्या आधी विसाव्या शतकातलं काहीतरी. शोस्ताकोविचचं आठवं क्वार्टेट आमचं तयार आहे, गेल्या वर्षीच वाजवलंय. १९६० सालचं, सी मायनर, पाच भाग न थांबता, आमच्याकडून २२ मिनिटं. नवी मेहनत नाही. खरं कारण हेच होतं, आणि "तयार आहे" हे कारण क्रम ठरवताना सर्वांत फसवं असतं.

त्याच सहा जणांपुढे वाजवलं. मध्यंतरात कुणी बोलेना. सुरुवातीला मला ती दाद वाटली. मग ओपस १३२ चा तिसरा भाग आला, आजारातून उठल्यावर बीथोव्हेननं लिहिलेलं ते संथ कृतज्ञतागीत, आणि समोर माना खाली गेल्या. त्यांच्यातली ऐकण्याची ताकदच संपली होती.

घरी येऊन एक काम केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कागदाच्या पट्ट्या कापल्या. एका मिनिटाला एक सेंटीमीटर. प्रत्येक भागाची वेगळी पट्टी, संथ भागांना निळा रंग, जलद भागांना पिवळा, मधल्या चालीच्यांना काहीच नाही. प्रत्येक पट्टीच्या डाव्या टोकाला सुरुवात कशी होते ते लिहिलं: मोठ्यानं की हळू, कोण सुरू करतं, कुठल्या स्वरपट्टीत. उजव्या टोकाला शेवट कसा होतो ते. मग जमिनीवर ओळीनं मांडल्या.

शोस्ताकोविचचे पाचपैकी तीन भाग लार्गो, म्हणजे अतिसंथ, आहेत. २२ सेंटीमीटरमध्ये १५ निळे. बीथोव्हेनचं कृतज्ञतागीत एकटंच १७. एकूण ६७ सेंटीमीटरपैकी ३२ निळे. चेलोवादक दारातूनच म्हणाला, "हे काय, नदी काढलीस का?" त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

यादीत रचनांची नावं बघताना हे दिसत नाही. नाव वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे त्या रचनेचं मोठेपण येतं, तिच्यातला वेळ येत नाही. हे काम करणाऱ्यांना या सगळ्या नोंदींतून एकच गोष्ट उचलायची असेल तर पट्ट्या कापा. कात्री, दोन रंग, एक संध्याकाळ.

शोस्ताकोविच काढला.

११ सप्टेंबर

पट्ट्यांसमोर बसले की आता कळतं काय हवंय: निळा कमी, ए मायनर नाही, आणि मिनिटं ४० च्या आत. हायडन लगेच सुचला. ओपस ७७ मधलं दुसरं, एफ मेजर, १७९९ सालचं. हायडननं पूर्ण केलेलं हे शेवटचं क्वार्टेट. राजपुत्र लोबकोविट्झसाठी सहांचा संच लिहायचा होता, पूर्ण दोनच झाली. याच लोबकोविट्झला बीथोव्हेननं आपली पहिली सहा क्वार्टेट्स अर्पण केली होती. हा दुवा मला आवडतो, पण तो पत्रिकेत लिहायचा नाही असं ठरवलंय. तो ऐकू येत नाही.

हायडन २६ मिनिटं. जोडीला दुसऱ्या व्हायोलिनवादकानं अमेरिकन संगीतकार कॅरोलाइन शॉचं 'आँत्राक्त' सुचवलं. ते तिनं २०११ साली लिहिलं, याच हायडनच्या मिनुएटवरून, म्हणजे नृत्याच्या चालीतल्या भागावरून. त्या मिनुएटच्या मधल्या भागात, म्हणजे ट्रिओमध्ये, संगीत एफ मेजरमधून अलगद डी फ्लॅटमध्ये उतरतं. पायरी असेल असं वाटलं नव्हतं तिथे पाय खाली जावा, तसं. शॉची रचना त्या एका क्षणातून उगवली आहे. ११ मिनिटं. पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याची छापील स्वरलिपी, मागवावे लागले, त्यात आठवडा गेला.

क्रम उघडच वाटला: आधी हायडन, मग त्यातून निघालेलं. मूळ आधी, फांदी नंतर.

२७ सप्टेंबर

उघड वाटलेला क्रम चुकला.

हायडनच्या नंतरच्या काळातल्या बहुतेक क्वार्टेट्समध्ये मिनुएट तिसरा असतो. या क्वार्टेटमध्ये तो दुसरा आहे. त्यानंतर डी मेजरमधला निवांत अँदान्ते, त्यानंतर जोरकस शेवट, टाळ्या, बसणं, तारा जुळवणं. शॉ सुरू होईपर्यंत मिनुएट होऊन १५ मिनिटं झालेली असतात. आम्हाला तो पाठ असल्यानं दुवा लख्ख ऐकू येत होता. समोरच्या सहा जणांपैकी एकालाही तो लागला नाही. मी सांगितल्यावर सगळे "अच्छा!" म्हणाले. पण सांगून कळलेला दुवा हा माहितीचा दुवा झाला.

उशिरा, जाता जाता, दुसरा व्हायोलिनवादक म्हणाला, "उलट करून बघू, फक्त एकदा." पाहुणे थांबायला तयार होते. शॉ आधी, मग हायडन.

मिनुएटचा ट्रिओ आला आणि डी फ्लॅटवर उतरताना समोरच्या खुर्चीतली बाई चक्क पुढे झुकली. तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "ओळखीचं कुणीतरी खोलीत आल्यासारखं वाटलं." तिला ना डी फ्लॅट माहीत, ना मिनुएट. पण ११ मिनिटं तिच्या कानानं ती उतरण वेगवेगळ्या अंगांनी चाचपली होती. मूळ समोर आल्यावर कानानं ते स्वतःहून ओळखलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं आम्ही इतिहासाच्या क्रमानं वाजवत आलो, पण श्रोत्याच्या कानाचा इतिहास आठ वाजता खुर्चीत बसल्यावर सुरू होतो. त्याच्यासाठी २०११ हे १७९९ च्या आधी येऊ शकतं.

४ ऑक्टोबर

नव्या क्रमाच्या अडचणी. 'आँत्राक्त'मध्ये काही जागी बो (गज) असा फिरतो की सुराऐवजी श्वासासारखा आवाज येतो. शेवटी चेलो एकटा उरतो, बो न वापरता बोटांनी तारा छेडत. म्हणजे मैफलीची सुरुवात अतिशय हळू. उशिरा येणाऱ्यांचं काय? खुर्ची एकदा करकरली की ते पान गेलं.

दोन पर्याय होते. एक, आधी काहीतरी छोटं, मोठ्या आवाजाचं वाजवायचं. पट्टी मांडून पाहिली. त्या तुकड्याचं स्वतःचं काम काहीच नव्हतं, तो नुसता दारवान होता. दुसरा, ११ मिनिटं दार बंद. दुसरा घेतला. सभागृहाच्या माणसांशी बोलून ठेवलं, तिकिटावरही छापायचं आहे.

शॉमधून टाळ्यांशिवाय थेट हायडनमध्ये जायचाही प्रयत्न केला. चेलोवादकाला बो हातात घ्यावा लागतो, तिघांना पानं बदलावी लागतात, आणि ती दहा सेकंदं निव्वळ खुडबूड. तीनदा करून सोडून दिलं. टाळ्या वाजू देत. लोकांनाही हातपाय हलवायला हवेत.

१५ ऑक्टोबर

मध्यंतरानंतर ओपस १३२ एकटंच ठेवायचं की त्याआधी काही? इथे मी हट्टानं एक गोष्ट केली, तिचा हिशेब देते.

हायडनच्या ट्रिओचा प्रयोग जमला म्हणून मला वाटलं, हीच युक्ती कृतज्ञतागीतासाठीही चालेल. ते गीत बीथोव्हेननं लिडियन पद्धतीत लिहिलंय, चर्चच्या जुन्या स्वररचनेत. एफवर बसलेलं, पण बी फ्लॅट नाही. आजच्या कानाला ते चमत्कारिक लागतं. तेव्हा दुसऱ्या अर्ध्याची सुरुवात जुन्या काळच्या संगीतानं केली तर? पर्सेलच्या चार आवाजांच्या फँटझिया, १६८० सालच्या, व्हायोल या जुन्या तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या. त्यांतली एक निवडली, जेमतेम चार मिनिटांची. अजिबात व्हायब्रेटो, म्हणजे सुराला बोटानं द्यायचा कंप, न करता वाजवायची. कृतज्ञतागीतही आम्ही तसंच सुरू करतो. बाकी तिघांना शंका होती. मी दोन तालमी घेतल्या.

वाजवलं. पर्सेल सुंदर झाला. मग ओपस १३२ चे पहिले दोन भाग, मग कृतज्ञतागीताचे पहिले सूर. आणि काहीच झालं नाही.

एरवी त्या जागी खोलीतली हवा बदलते. वीसेक मिनिटं ए मायनरची तगमग, ए मेजरमधलं फिरतं नृत्य, आणि मग एकाएकी हे थंड, बिनकंपाचे, कुठल्याच काळाचे नसलेले सूर. तो परकेपणा हाच त्याचा प्राण. मी तो पर्सेलमध्ये आधीच खर्च करून बसले होते. तोच आवाज, तोच सरळ बो. मेंडेल्सॉनच्या वेळची चूक मी दुसऱ्या दारानं परत आणली होती.

मग ट्रिओच्या बाबतीत आधीची ओळख उपयोगी का पडली? आमची त्यावर बरीच चर्चा झाली. माझं मत असं: ट्रिओतली उतरण क्षणभराची आहे, ओळख नसेल तर निसटून जाते. कृतज्ञतागीत १७ मिनिटं चालतं. त्याला स्वतःची ओळख करून द्यायला भरपूर वेळ आहे, मध्यस्थ नको. पुढच्या वेळी एखादी जागा 'तयार' करण्याआधी ती किती वेळ टिकते ते पट्टीवर मोजेन.

पर्सेल काढला. दुसरा अर्धा: फक्त ओपस १३२.

वाया गेलेला वेळ: दोन तालमी आणि माझा हट्ट.

२ नोव्हेंबर

क्रम ठरला. 'आँत्राक्त' ११, हायडन २६, मध्यंतर, बीथोव्हेन ४५. एकूण ८२. पहिला आराखडा ८४ मिनिटांचा होता. फक्त दोन मिनिटांचा फरक, आणि आज ऐकणाऱ्यांनी विचारलं, "इतक्यात संपलं?"

आता सुरांची बाब. कृतज्ञतागीताआधी तारा पुन्हा बघाव्याच लागतात, पण तिथे सगळ्यांनी मोठ्यानं ए घेतला की पुढचं सगळं पडतं. शिवाय व्हायब्रेटो नसल्यानं केसभर चूकही उघडी पडते. उपाय: व्हायोला आणि चेलोच्या खालच्या तारा नेहमीपेक्षा किंचित वर जुळवायच्या, म्हणजे शेजारच्या तारांमधले पंचम थोडे आवळलेले, आणि तेही मंचावर येण्याआधी आत. नाहीतर आमची सी तार पहिल्या व्हायोलिनच्या ई तारेपुढे खाली पडते. दुसऱ्या भागानंतर प्रत्येकानं बोटाच्या टोकानं आपली एकच संशयित तार तपासायची, चौघांनी एकाच वेळी नाही. हे जमायला चार तालमी लागल्या, पण वाया एकही गेली नाही.

१६ नोव्हेंबर

पत्रिका छापून आली आणि चूक निघाली. हायडनचे भाग मी सवयीनं लिहिले होते: अँदान्ते दुसरा, मिनुएट तिसरा. ज्या एका गोष्टीवर आमचा पहिला अर्धा उभा आहे, तीच चुकीची छापली. तपासायला तिघांना पाठवलं होतं, तिघांनीही सवयीनं वाचलं. सगळी छपाई परत करावी लागली आणि तो खर्च मी भरला. पत्रिका तपासताना समोर पार्ट उघडा ठेवा, आठवणीवर जाऊ नका.

परत छापायचंच होतं, म्हणून टिपणही बदललं. ऑगस्टमधले ९०० शब्द केव्हाच गेले होते, आता १२० उरले. लोबकोविट्झ नाही, लिडियन हा शब्द नाही. हायडनबद्दल एवढंच, की दुसऱ्या भागाच्या मध्यावर सूर जिथे खाली उतरतो तिथे लक्ष असू द्या. बीथोव्हेनबद्दल: १८२५ च्या वसंतात तो गंभीर आजारी होता, त्यातून उठल्यावर त्यानं तिसरा भाग लिहिला, आणि चौथ्या भागातून पाचव्यात आम्ही न थांबता जाऊ.

मैफलीनंतर लोकांनी आणखी मागितलं तर काय, हा प्रश्न आला. काही नाही. चौघंही एका वाक्यात सहमत.

६ डिसेंबर, रात्री

झालं.

दार अकरा मिनिटं बंद ठेवलं. बाहेर नऊ जण थांबले, दोघं चिडून परत गेले. त्यांचं वाईट वाटतं. पुढच्या वेळी बाहेर आवाज पोचेल अशी काही सोय करायला हवी.

'आँत्राक्त'च्या शेवटी चेलोचा आखरी झंकार विरल्यावर बराच वेळ कुणी टाळी वाजवली नाही. मला मोजता आलं नाही, मी श्वास धरून बसले होते. हायडनच्या पहिल्या भागानंतर थोड्या टाळ्या आल्या, आम्ही मान लवून पुढे गेलो. मग मिनुएट. ट्रिओवर उतरताना मी पानावरून नजर वर केली. करायला नको होती, पुढचा एक सूर घसरला. पण तिसऱ्या रांगेत दोघं एकमेकांकडे बघत होते.

मध्यंतर पंधराचं सांगून बावीस मिनिटांचं झालं. तेवढ्यात मंच गार पडला आणि माझी सी तार खाली आली. दुसऱ्या भागानंतर बोटानं तपासून सावरली. कृतज्ञतागीत आमच्या तालमीपेक्षा संथ गेलं, बहुधा १८ मिनिटं. निळी पट्टी आज एक सेंटीमीटर लांब.

मेंडेल्सॉनच्या पट्ट्या अजून भिंतीवर आहेत. त्यांच्याशेजारी आज आल्यावर आणखी एक लावली: त्याच्या बहिणीचं, फॅनी हेन्झेलचं १८३४ सालचं क्वार्टेट, ई फ्लॅट, साधारण २० सेंटीमीटर. कुठलं आधी ठेवायचं ते अजून कळत नाहीये. पार्ट उद्या मागवते.